नाईकमामांची हजेरी

अख्खं गाव त्यांना सुभेदार म्हणायचं, आणि डोक्यावर वैरणीचा भारा असला तरी थांबून ते सांगायचे, "नाईक. नुसता नाईक. सुभेदार हुयाला शिकल्याला लागतो." पण गावाला ते कुठलं पटायला! पलटणीत जाऊन आलेला, मिशांना मेण लावणारा, थंडीत खाकी कोट घालून म्हशीची धार काढणारा माणूस नुसता नाईक कसा असेल? शेवटी मी माझ्यापुरता तंटा मिटवला. त्यांना नाईकमामा म्हणायला लागले. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यानंतर मला ते 'पोरी' म्हणायला लागले.

मी सांगलीची. लग्न होऊन कृष्णाकाठच्या या गावात आले, वाईपासून खाली दोन-तीन गावं सोडून. आमची जात कासाराची, धंदा बांगड्यांचा. पुढच्या सोप्यात दुकान, मागं घर. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मला शेजार समजावून दिला. "उजवीकडं तेली. त्येंच्याशी भांडायचं न्हाई, जिंकणार न्हाईस. डावीकडं सुभेदार. त्येंच्याशी भांडायला कारनच मिळायचं न्हाई." तेल्यांच्या बाबतीत सासूबाईंचं खरं निघालं. नाईकमामांच्याही.

आता सांगते ते कुणाला खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. तो माणूस बायकोला विहिरीवरून पाणी आणून द्यायचा. बनूमामी, म्हणजे त्यांची बायको, बाहेरची असली की चार दिवस चुलीपुढं बसायचा आणि ताटाएवढ्या भाकऱ्या थापायचा. शेवंता त्यांची थोरली लेक. तिच्या केसांना तेल लावून वेणी घालायचे ते हेच, आणि वेणी अशी ताठ घालायचे की पोरीच्या भुवया वर जायच्या. पारावरची माणसं टवाळी करायची, "काय सुभेदार, बायकूच्या पलटणीत भरती झालासा जनू?" मामा मिशीवरून बोट फिरवायचे. "सरकारची चाकरी क्येली ती पगाराला. हितं तर बिनपगारी जेवाय मिळतंय. लाज कसली रं त्यात?"

आणि हजेरी. दिवस मावळला, गुरं आली, की मामा अंगणात येऊन उभे राहायचे. पायात वहाण असो नसो, टाचा जुळलेल्या. मग एकेकाचं नाव.

"बनूबाई!"

"हाय की! कुठं जानार हाय मराया!" चुलीपासून मामींचा आवाज यायचा. रोज हेच उत्तर, रोज त्याच तिडकीनं.

"शेवंता!"

"हाजिर!"

"यशवंता!"

"हाजिर!" हा धाकटा. दूध पिताना असला तर पेल्यातूनच ओरडायचा.

झालं. मामा मान हलवायचे आणि पाय धुवायला जायचे. मी नवीन होते तेव्हा हसू दाबत खिडकीआड उभी राहायची. पुढं शेवंताचं लग्न झालं, ती औंधाकडं नांदायला गेली. त्या संध्याकाळी मामांनी सवयीनं हाक मारली, "शेवंता!" मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "बदलीवर." मामा हसले. तेव्हापासून शेवंता रोज बदलीवर असायची.

मला वाटायचं, पलटणीतला चाळा, दुसरं काय. एकदा तसं म्हटलंही. तर सासूबाई माझ्यावर खेकसल्या, "हसू नगंस. त्या मानसाची आई कशी ग्येली, तुला ठावं हाय?" मग त्यांनी सांगितलं. पुढं थोडं मामांच्या तोंडूनही ऐकलं.

पहिल्या लढाईत मामा बसऱ्याच्या बाजूला होते. लग्न होऊन वर्ष झालेलं. तिकडं त्यांची तुकडी तुर्कांच्या हाती सापडली, आणि इकडं सरकारचा कागद आला की नाईक दौलत मयत. कागदावर सरकारचा शिक्का. त्याच्यापुढं कुणाचं काय चालणार? मढं नाही म्हणून पळसाच्या पानांचा माणूस केला आणि नदीवर जाळला. बनूमामींच्या बांगड्या त्याच घाटावर दगडानं फोडल्या. एक काच मनगटात गेली, तिचा वण शेवटपर्यंत होता. माझ्या हाताखालून ते मनगट कितीदा तरी गेलं. बांगडी तिथं यायची आणि अडायची. मामांची आई आधीच लेकाच्या नावानं उपास करत होती. तेराव्यानंतर तिनं अन्नच सोडलं, आणि दुसरा महिना उजाडायच्या आत गेली.

लढाई संपली. मामी विधवेच्या वेशात घरात. माहेरचे दोनदा गाडी घेऊन आले. आमच्या भागात पाट लावायची चाल होती, तरण्या पोरीचा दुसरा संसार मांडून द्यायची. मामी गाडीत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "माजं मन त्येंना मेल्यालं म्हनत न्हाई." आणि एका सकाळी वेशीवर हाडाचा सापळा झालेला एक माणूस येऊन उभा राहिला. मिशा तेवढ्या तशाच.

गावानं त्याला वेशीच्या आत घेतलं नाही! ज्याची क्रिया झाली तो मेलेला. मेलेला माणूस तसाच घरात शिरला तर घर बुडतं, असं भावकी म्हणाली. वाईहून भटजी येऊन सांगतील तसं करायचं. तोवर मामा वेशीबाहेरच्या मारुतीच्या देवळात. स्वतःच्या गावात, स्वतःच्या घराचं धाबं दिसतंय, आणि हे देवळात. घरून भाकरी यायची. मामा निरोप द्यायचे, "आईला म्हनावं, ठेचा दे की वाईच." ठेचा यायचा. आईचं कुणी काहीच बोलायचं नाही. मामी लांब, चिंचेखाली उभ्या राहून बघायच्या आणि जायच्या.

भटजी आले. पोथी बघितली. म्हणाले, हा नवा जन्म धरायचा. बारसं करायचं, नाव ठेवायचं आणि बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. मिशावाल्या गड्याच्या डोक्यावर पोराची कुंची बांधली. पुढं सूप ठेवलं. गाव हसलं, मामाही हसले. मग भटजी म्हणाले, आता आईनं बाळाला मांडीवर घ्यायचं.

"मी वाट बघतोय," मामा सांगत होते, "आई कुठनं येती ते. तर चुलती आली नि बसली. तिनं माजं डोस्कं मांडीवर घेतलं. तवा मला कळलं. त्या कुंचीतच कळलं बग, पोरी."

हे सांगताना त्यांचा हात डोक्याकडं गेला होता. कुंची अजून तिथंच असल्यागत. मला ऐकवेना. मी बांगड्यांची माळ उगाच सोडली आणि पुन्हा ओवली.

दुसऱ्या लग्नात मामींना हिरवा चुडा भरला आमच्या सासूबाईंनी. त्या दिवसापासून नाईकांच्या घरचा एक कायदा झाला. मामा तो सगळ्यांना सांगायचे, पाव्हण्यांनासुद्धा. "मढं बगितल्याबिगर रडायचं न्हाई. सरकार सांगू दे न्हाईतर देव सांगू दे." आणि रोज हजेरी. प्रत्येक माणूस जिवंत आहे, हे स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. यात हसण्यासारखं काय होतं? पण आधी ठाऊक नव्हतं, म्हणून मी हसले.

यशवंता मोठा झाला आणि दुसरी लढाई आली. आमच्याकडं पोरं पलटणीत जायची ती हौसेनं नव्हे, घरात भावांत वाटून जमीन राहायची नाही म्हणून. यशवंताला तशी गरज नव्हती. पण बापाचा खाकी कोट बघत वाढलेला पोरगा, तो कुठला ऐकतो! मामी रडल्या, भांडल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. मामा एवढंच म्हणाले, "मी ग्येलो तवा माज्या बापानं मला अडवलं न्हाई. आता मी कुठल्या तोंडानं अडवू?" पुढं हे वाक्य त्यांनी माझ्याजवळ कितीदा उगाळलं असेल! अडवायला हवं होतं, असं म्हणायचे. मी म्हणायची, तो थांबला नसता. ते म्हणायचे, "तरी बी."

पहिल्या रजेवर आला तेव्हा त्याचं लग्न केलं. मुलगी सांगलीकडची, हौसा. बाप तातोबा, हळदीचे मळे असलेला. माझ्याच माहेरच्या बाजूची म्हणून मला तिचा लळा लागला. चुडा मीच भरला. बांगडी भरताना पोरगी डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, "काकी, झालं का वं?" यशवंता रजा संपेपर्यंत राहिला आणि गेला. त्या थोड्या दिवसांत दोघं घरच्यांसमोर बोलली असतील नसतील. फोटो काढायचा होता, साताऱ्याला जायचं ठरलं होतं. पाऊस लागला, राहून गेलं.

आता हजेरीला नवं नाव आलं.

"हौसा!"

"हाजिर," तोंडातल्या तोंडात.

"यशवंता!"

बोलायचं कुणी? नवऱ्याच्या नावानं बायको कशी ओ देणार? मामी म्हणाल्या, "दे की गं, कोन हाय हितं परकं." आणि हौसा पदर दातात धरून म्हणाली, "डिवटीवर." मामांनी खाडकन टाचा जुळवल्या. त्या दिवशी त्या घरात एवढं हसणं झालं की आमच्या पलीकडची तेलीण भिंतीवरून डोकावली.

मग ब्रह्मदेशाकडून माणसं पळून यायला लागली आणि सरकारचा कागद आला. शाळामास्तरांनी वाचला. यशवंत दौलत, बेपत्ता.

गल्ली जमली. बायकांनी तोंडाला पदर लावले. मामा ओसरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "ए, कुनी रडू नगा. मला तर सरकारनं मयत लिवलं हुतं. ह्यो नुसता बेपत्ता हाय. म्हंजी माज्यापरास लय बरा हाय." आणि खरंच हसले. मामीही हसल्या. संध्याकाळी हजेरी झाली. "यशवंता!" "डिवटीवर." पण एक फरक मी टिपला. "बनूबाई" म्हटल्यावर मामींचं उत्तर बदललं होतं. "कुठं जानार हाय मराया" हे शब्द त्या घरातून गेले. आता नुसतं "हाय."

लढाईची ती वर्षं कशी गेली ते काय सांगू? रॉकेल नाही, कापड नाही, बांगड्यांचा माल येईना. गावातली निम्मी पोरं चळवळीत, निम्मी पलटणीत, आणि दोन्हीकडच्या आया रडणाऱ्या. मग लढाई संपली. पेढे वाटले गेले. एकेक पोरगा घरी यायला लागला. कुणी हात घालवून, कुणी हिवताप घेऊन, कुणी बरण्या आणि घोंगड्या घेऊन. गाडीरस्त्यावर धूळ उठली की मामी कोपऱ्यावरच्या दगडावर जाऊन बसायच्या. धूळ दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात थांबायची. यशवंता आला नाही.

हौसाचे वडील आले ते त्या वर्षीच्या हिवाळ्यात. तातोबा साधा, हळवा माणूस. बोटं हळदीनं कायमची पिवळी. ओसरीवर बसून त्यांनी चाचरत विषय काढला. "पावनं, वंगाळ बोलत न्हाई मी. पन पोरीचं वय जातंय. तुमी येकदा मन घट करून त्येचं काय ते करून टाका. माज्या वळखीत येक जागा हाय. बायकू मेल्याली, मानूस बरा हाय. पाट लावून दितो."

मामींनी आतून ऐकलं आणि बाहेर आल्या. "काय करून टाका? जित्या पोराचं त्येरावं? ह्येंचं बी केलं हुतं भावकीनं. मी थांबले का न्हाई? हे आले का न्हाई? मी थांबले, तशी ती थांबंल."

"आवं, पन विहीणबाई..."

"मढं दावा. मग बोला."

तातोबांनी मामांकडं बघितलं. मामा खाली बघत होते. म्हणाले, "तिचं खरं हाय, पावनं. आमच्या घरात तसंच हाय." तातोबा चहा न घेता गेले. गाडीत बसताना धोतरानं डोळे पुसत होते. मला त्या दिवशी मामांचा राग आला. आला म्हणजे आला. तुम्ही परत आलात हे बरंच झालं, पण तुमच्या परत येण्याचं ओझं या पोरीनं का वाहायचं? तोंडावर आलं होतं, पण शेजारधर्म.

संक्रांतीच्या आधी हौसा बांगड्या भरायला आली. मी तिचा हात हातात घेतला. पूर्वी बांगडी चढवायला साबण लागायचा, आता नुसती सरकवली तरी जायची. मी म्हटलं, "जेवतीस का न्हाई गं?" ती हातातली बांगडी फिरवत राहिली. मग आपली आपणच म्हणाली, "काकी, येक इचारू? रोज त्येंच्या नावानं मी वरडती. पन मला त्येंचं तोंड आठवत न्हाई. लय आठवती. भुवईवर खोक हुती, ती तेवढी दिसती. बाकी काय न्हाईच. आता आले नि म्होरं उभं ऱ्हायले, तर मी वळखायची बी न्हाई. मग मी कुनाची वाट बगती वं?"

मी वर बघितलं तर दारात मामा. मामींसाठी बांगड्या सांगायला आले असतील. किती वेळ उभे होते देव जाणे. हौसाची पाठ होती, तिला दिसले नाहीत. त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. हाताची मूठ दाराच्या चौकटीवर होती, ती त्यांनी हळूच उचलली आणि आले तसे गेले.

दुसऱ्याच दिवशी मामा आमच्याकडं आले. आमचे हे, म्हणजे माझे मालक, बांगड्यांचा माल आणायला निघाले होते, त्या वाटेवरच पलटणीचं ठाणं पडत होतं. मामा म्हणाले, "मी बी येतो. तपास करतो." सगळ्यांना वाटलं, बरं झालं.

तिथं काय घडलं ते यांनी मला नंतर सांगितलं, आणि मी आजवर ते कुणाला सांगितलं नाही. मामा बराकी-बराकीतून फिरले. तुरुंगातून सुटून आलेले, रानातून आलेले, जो भेटेल त्याला विचारायचे, भुवईवर खोक असलेला यशवंत दौलत बघितला का रं? कुणालाही माहीत नव्हता. एक जण म्हणाला, त्या तुकडीतले काही नदी उतरून रानात शिरले, पुढचं देवाला ठाऊक. कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं, बेपत्ता ते बेपत्ताच. बस्स, एवढंच. परत येताना मामा गावाजवळ आल्यावर म्हणाले, "तू हो म्होरं. मी नदीवरनं येतो." हे जरा पुढं गेले आणि काळजीनं मागं फिरले. बघतात तर घाटावर न्हावी बसलेला, आणि मामा त्याच्यापुढं मान वाकवून. बाजूला भटजी पळसाची पानं बांधत होता.

मामा गल्लीत शिरले तेव्हा मी अंगणात होते. आधी ओळखलंच नाही. कुणी म्हातारा भिक्षेकरी असेल म्हटलं. मिशी नव्हती. ओठ पांढरा, उघडा, थरथरत होता. विहिरीवरच्या बायकांचे हात दोरावरच थांबले.

मामी दारात आल्या. हौसा मागं.

"यशवंता ग्येला," मामा म्हणाले. "ब्रह्मदेशात. ज्यानं त्येला अग्नी दिला, त्यो गडी भेटला मला."

मामी किंचाळतील म्हणून मी पुढं धावले. त्या किंचाळल्या नाहीत. मामांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग विचारलं, "नाव काय त्या गड्याचं?"

"पवार."

"कुठला पवार?"

मामा वहाण काढायला वाकले. "नगरकडचा."

मामी वळल्या आणि आत गेल्या. त्यानंतर त्या मामांशी बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढं कधीच नाही.

भावकीतल्या म्हाताऱ्या हौसाला घेऊन नदीवर निघाल्या. एकीच्या हातात दगड होता. मामा आडवे आले. "फोडायच्या न्हाईत. माज्या घरात फोडाफोड न्हाई. पोरी," मला म्हणाले, "तू भरल्यास न्हवं? तूच काढ. साबन लावून, येकेक. येक बी वाढता कामा न्हाई." कासाराच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, तो शब्द त्या वेळीही त्यांनी पाळला. म्हाताऱ्या बडबडल्या, असं कुठं अस्तंय व्हय! मामा हलले नाहीत. मी हौसाला ओसरीवर बसवलं आणि काढल्या. तिनं पहिल्या दिवसासारखे डोळे मिटून घेतले होते. आसवं मिटल्या डोळ्यांतून खाली येत होती. सगळ्या बांगड्या अखंड निघाल्या. मामांनी त्या आपल्या फेट्याच्या कापडात बांधल्या.

यांनी मला खरं सांगितलं त्या रात्री मी जेवले नाही. त्या माणसानं लेकाला मारलं होतं! सुनेची सुटका व्हावी म्हणून जिभेनं मारलं होतं. मढं न बघता रडायचं नाही म्हणणाऱ्यानं, स्वतःच्या कुंचीत आईचं मरण कळलेल्यानं, स्वतःच्या हातानं पळसाचा पुतळा जाळला. आणि यशवंता उद्या वेशीवर येऊन उभा राहिला तर? आपला बाप आपल्या नावानं मिशी उतरवून बसलाय आणि आपली बायको दुसऱ्याच्या घरात आहे, हे त्याला कुणी सांगायचं? मामांना हे सगळं दिसत नव्हतं का? दिसत होतं. म्हणून तर ओठ थरथरत होता. मी गप्प बसले, आणि गप्प बसल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पोरीच्या डोक्यावरून एकदाचा दगड उतरला होता, तो मी पुन्हा कशाला ठेवू?

वर्ष सरल्यावर तातोबा गाडी घेऊन आले. मामींनी हौसाची ओटी भरली नाही, पण तिला पोटाशी धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मामा गाडीबरोबर वेशीपर्यंत गेले. मीही होते. हौसा त्यांच्या पायावर वाकली तेव्हा म्हणाले, "पोरी, हितनं म्होरं तुजी हजेरी तकडं. रोज ओ द्यायची. चुकायचं न्हाई." ती रडत होती, तरी "व्हय" म्हणाली. तिकडं दिवस मावळल्यावर, वाजंत्रीशिवाय, पाट लागला. माणूस खरंच बरा निघाला. पुढं मूल झालं. दर साली तिच्याकडून हळद यायची, आणि मामा त्यातली चिमूट कपाळाला लावून मगच डबा आत द्यायचे.

मिशी त्यांनी पुन्हा ठेवली नाही. गावानंही सुभेदार म्हणणं सोडलं. बिनमिशीचा सुभेदार कुणी बघितलाय!

राहिली ती दोघं. मामी वेळेवर भाकरी वाढायच्या, आंघोळीचं पाणी काढायच्या, दुखलं-खुपलं बघायच्या. पण शब्द नाही. मला वाटायचं, काय हा राग! लेक गेला तो गेला, म्हाताऱ्यानं किती सोसायचं? एकदा बांगड्या भरताना मी ते बोललेच. वणावर बांगडी अडली होती, ती मी हळू फिरवत होते. "मामी, आता सोडा की राग. सादं 'जेवा' तरी म्हना."

मामी हसल्या. केवढ्या दिवसांनी! "राग? राग कशाचा गं? त्येंनी खोटं सांगितलं, हे मला तवाच कळलं."

माझा हात थांबला. आमच्या यांच्या तोंडून काही गेलं की काय!

"मेल्याल्या मानसाच्या बायकूच्या बांगड्या कोन अशा जपून काढून घेतो? येक बी वाढू दिली न्हाई. गाठोडं अजून कोनाड्यात हाय, रोज बगते मी. ज्येला पोरगं मेल्यालं ठावं हाय, त्यो असं करंल व्हय? पोरीसाटी बोलले त्ये. मला जमलं नसतं, त्येंनी केलं."

"मग बोलत का न्हाई?"

"बोलले तर इचारीन. इचारलं तर त्ये खरं सांगतील. माज्याशी त्येंना खोटं बोलता येत न्हाई, त्या दिशी बी कुठं आलं? खरं तोंडातनं भाईर पडलं की मग पोरीचा संसार काय ऱ्हाईल? त्यापरीस गप बरं." आणि हात पुढं केला. "भर तू. येवडी येक ऱ्हायलीया."

मी भरली. बाहेर आले आणि आमच्या माजघरात बसून पोटभर रडले.

मामा त्या उन्हाळ्यात गेले. ओसरीवर बसल्या जागी, काही त्रास नाही. पण त्यांची आठवण काढली की मला तो दिवस आठवत नाही. त्याआधीची एक संध्याकाळ आठवते.

मी आमच्या अंगणात वाळवण गोळा करत होते. गुरं आली होती. मामी नेहमीसारख्या कोपऱ्यावरच्या दगडावर, तोंड गाडीरस्त्याकडं, पाठ घराकडं. मामा काठी टेकत अंगणात आले. काठी भिंतीला लावून ठेवली. टाचा जुळवल्या. दोनदा तोल गेला, तिसऱ्यांदा जुळल्या.

"शेवंता!" आवाज आता खोल गेला होता. ओ द्यायला कुणी नव्हतं. थोडं थांबून ते स्वतःच म्हणाले, "बदलीवर."

मग थांबले. शेवंताच्या पाठची ही यशवंताची जुनी जागा. नाव घेतलं नाही, पण नाव घ्यायला आणि उत्तर यायला लागतो तेवढा वेळ त्यांनी जाऊ दिला.

"हौसा!" पुन्हा स्वतःच, "बदलीवर." पूर्वी पहिलं यायचं ते नाव आता शेवटी आलं.

"बनूबाई!"

मामी हलल्या नाहीत. रस्त्यावर कुठंतरी धूळ उठली होती, त्या तिकडं बघत होत्या. मामा त्यांच्या पाठीकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, आज तरी ओ देतील. आज तरी द्या हो, असं मी मनात म्हणत होते.

धूळ पुढच्या आळीकडं वळली. मामी तशाच बसून राहिल्या.

"डिवटीवर," मामा म्हणाले, आणि काठी घेऊन आत गेले.